चोवीस वाफे बरसीम

३ ऑक्टोबर

ही वही पुरावा म्हणून ठेवतो आहे. पुढे कोणी म्हणायला नको की मी आधी सांगितलं नव्हतं.

विषय असा. वडिलांच्या मागे खालचं रान माझ्या आणि धाकटीच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, नावावर आहे. भावोजींनी हयातीत ते एका खडीवाल्याला वापरायला दिलं. वीस वर्षं तिथे खडीचे आणि वाळूचे ढीग, वर ट्रकची ये-जा. भावोजी गेले, खडीवालाही गेला, मागे राहिली ती जमीन नव्हे, फरशी. आता एका गोदामवाल्याला ती हवी आहे. माणूस अडाणी, पण मागणी शहाणपणाची: जिथे काही उगवत नाही तिथे छप्पर घालावं. त्याला दोघांच्या सह्या लागतील. मी तयार आहे. धाकटी नाही.

तिच्या सात गाई आहेत. वैरण विकत आणून त्या पोसणं तिला आता झेपत नाही, म्हणून त्या फरशीवर हिरवा चारा पिकवायचा बेत. वर त्याने जमीनही सुधारेल, म्हणे. मी एकतीस वर्षं माती परीक्षण प्रयोगशाळेत काढली, एकही अहवाल परत आला नाही. आणि मला माती समजावणार ही, जिने शाळेत विज्ञान सोडून शिवण घेतलं होतं.

शेवटी जेवताना ठरलं. रानात चोवीस वाफे पाडायचे. चारा तयार झाला की रोज एक वाफा कापून सातही गाईंना घालायचा. चोविसावा कापेपर्यंत पहिला पुन्हा वाढलेला असेल, असं तिचं गणित. चोवीसही पुरले तर गोदामवाल्याला नकार द्यायचा. मध्येच गाई उपाशी राहिल्या तर गाई विकायच्या आणि तिने मुकाट्याने सही करायची.

"शब्द दे," मी म्हणालो.

"दिला. ताट पुढे कर," ती म्हणाली.

गोष्ट दोन महिन्यांत आटपेल. मग मी माझ्या मार्गाला लागेन. इथे मी चार दिवसांसाठी आलो होतो, त्याला आठ महिने झाले.

६ ऑक्टोबर

खालच्या रानातले नमुने घेतले. नऊ ठिकाणी कुदळीने खड्डे (कुदळ दोनदा उसळून परत आली), प्रत्येकी अर्धा किलो माती, गच्चीवर वाळवून, कुटून, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढली. ओला नमुना आम्ही दारातूनच परत पाठवत असू. ओल्या वस्तूचं वजन हे वजनच नव्हे, त्यात पाण्याची लबाडी असते.

जुन्या प्रयोगशाळेत नेऊन स्वतः तपासले. दारावरच्या नव्या माणसाने मला नाव विचारलं आणि कोणाकडे काम आहे असंही विचारलं. असले लोक भरतात हल्ली. सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक अठरा टक्के निघाला. याहून जास्त मी रस्त्याच्या कडेला पाहिला आहे.

धाकटीला आकडा दाखवला. "म्हणजे काय?" म्हणाली.

"म्हणजे जमीन मेलेली आहे."

"मग आणखी बिघडायची भीती नाही," ती म्हणाली आणि दूध मापायला गेली. असल्या उत्तरांवर हिचं आयुष्य चाललं आहे.

८ ऑक्टोबर

धाकटीबरोबर बीवाल्याकडे. याच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आहे आणि तरी तो सगळ्या गावाला सल्ला देतो. द्विदल पिकांवर त्याने आम्हाला प्रवचन दिलं. ताग जमीन झटपट झाकतो, पण गाय त्याला तोंड लावत नाही. चवळी गाय आवडीने खाते, पण तिला ऊब लागते आणि आता थंडी येणार. लसूणघास उत्तम, एकदा लावला की तीन वर्षं हलत नाही, पण त्याची मुळं खोल जातात, तुमच्या फरशीत कुठे जाणार?

"बरसीम घ्या," तो धाकटीला म्हणाला. "थंडीत वाढतं, चार-पाच वेळा कापता येतं, गाई तुटून पडतात. मुळांना गाठी धरतात, त्या हवेतला नत्र ओढून घेतात. पुढच्या पिकाला आयतं खत."

हे मला पुस्तकातून माहीत होतं. याने ते कुठून उचललं कोण जाणे. मग त्याने बियाण्याबरोबर काळ्या भुकटीची पाकिटं काढली.

"हे जिवाणू. गाठी हेच धरवतात. तुमच्या रानात बरसीम कधी झालं नाही, तेव्हा हे तिथे नसणारच. साखरेच्या पाण्यात कालवून बियाला चोळायचं, सावलीत ठेवायचं, त्याच दिवशी पेरायचं. ऊन लागलं की मेलं."

"कोण मेलं?" मी विचारलं.

"आतले. जिवंत आहेत ते, साहेब."

जिवंत, म्हणे. काही लाख नमुने माझ्या हाताखालून गेले, एकातही मला जिवंत काही आढळलं नाही. पण धाकटी मान हलवत होती. तिला कोणीही काहीही विकू शकतं.

१३ ऑक्टोबर

पेरणी.

सकाळी धाकटीने सगळं बियाणं साखरेच्या पाण्यात आणि त्या भुकटीत कालवलं. चांगलं पिवळंधमक बी, पाच मिनिटांत काजळ फासल्यासारखं झालं. त्यातलं अर्धं घेऊन तिने गोठ्याकडचे बारा वाफे दहाच्या आत उरकले. वाफ्यात घोटाभर पाणी सोडायचं, चिखल ढवळायचा आणि त्यात मुठीमुठीने बी उधळायचं. वजन नाही, माप नाही. एका वाफ्यात तीन मुठी, दुसऱ्यात चार, कारण तिसऱ्या मुठीच्या वेळी गाय हंबरली.

मी तिला सांगितलं, पलीकडचे बारा माझे, मी ते शास्त्रोक्त पेरणार. प्रत्येक वाफ्यात सारखंच वजन. ती म्हणाली बरं. आता ओल्या, चिकट बियाचं खरं वजन निघणार कसं? उरलेलं बियाणं गच्चीवर नेलं, पत्र्यावर पातळ पसरलं, अकरा ते चार खणखणीत ऊन दिलं. भुकटी आपोआप सुटली. जी राहिली ती हाताने चोळून चाळणीखाली काढली. बी पुन्हा स्वच्छ. बारा पुड्या, प्रत्येक अगदी सारखी. संध्याकाळी, धाकटी धारा काढत होती तेव्हा, मी एकट्याने बारा वाफे पेरले. कंबर दुखते आहे.

आता तुलना होईल. एकीकडे अडाणीपणा, दुसरीकडे पद्धत.

१४ ऑक्टोबर

धाकटी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली, पत्र्याखाली भुकटी दिसली म्हणून झाडू घेऊन आली. झाडता झाडता थांबली आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. खाली येऊन मला चहा दिला. "काल डोक्यावर काही घेतलं होतंस ना? ऊन होतं," म्हणाली. हिला पद्धतीबद्दल काही विचारायचं सुचत नाही.

दुपारी बीवाल्याकडे जाऊन आली. आणखी पाकिटं मागितली, त्याच्याकडची संपली होती. पेरणी झाल्यावर पाकिटं कशाला, ते तिलाच ठाऊक.

१९ ऑक्टोबर

उगवलं. दोन्हीकडे सारखंच. माझ्याकडे ओळी नाहीत पण दाटी एकसारखी आहे, हे कोणाही शहाण्याच्या लक्षात येईल. धाकटीच्या वाफ्यांत कुठे गर्दी, कुठे टक्कल. तिला दाखवलं. "छान," म्हणाली, "तुझे जास्त छान."

४ नोव्हेंबर

बरेच दिवस नोंद नाही, कारण रानात असतो. निरीक्षणासाठी. पाण्याची पाळी धाकटीला नीट जमत नाही, ती शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचायच्या आत बांध फोडते, म्हणून ते मी करतो. शेजारच्या शेळ्या दोनदा हाकलल्या. शेळ्यांच्या मालकिणीला चार शब्द सुनावले. तिने विचारलं, "तुम्ही नवीन गडी का?"

बूट खराब होतात म्हणून गुडघ्यापर्यंतचे रबरी घेतले. सकाळी सहाला जातो, अकराला येतो. धाकटी बांधावर चहाची बाटली ठेवून जाते. चहा गोड असतो, सांगूनही साखर कमी करत नाही.

२२ नोव्हेंबर

जे व्हायचं ते झालं. माझे बारा वाफे पिवळे पडत आहेत. धाकटीचे हिरवेगार. मला आनंद झाला असं लिहिणं बरं दिसणार नाही, पण झाला. माझ्याकडे पेरणीची चूक नाही, वजन सारखं, पाणी सारखं, म्हणजे जे दिसतं ती या जमिनीची खरी लायकी. धाकटीच्या वाफ्यांना गोठ्याचं सांडपाणी लागत असणार, एरवी तिकडेही हेच दिसलं असतं. अर्धं रान गेलं म्हणजे गणित गेलं.

गोदामवाल्याला कळवलं की सतरा डिसेंबरला कागद घेऊन या. कापणी पाचला सुरू होईल, बारा दिवस तिचे वाफे पुरतील, तेराव्या दिवशी निकाल लागेल. धाकटीलाही सांगितलं. ती भांडी घासत होती. "बरं," म्हणाली. तेवढंच.

५ डिसेंबर

पहिला वाफा कापला. गुडघ्यापर्यंत आलं होतं. धाकटी दव सुकल्यावर कापते, तासभर तसंच कोमेजू देते आणि कडब्यात मिसळून घालते. कोवळं बरसीम एकदम उपाशीपोटी दिलं तर गाईचं पोट फुगतं, असं तिचं म्हणणं. हे बहुधा खरं असावं.

गाईंनी मान वर केली नाही. दहा महिन्यांत प्रथमच गोठ्यात कोणी हंबरलं नाही. एका वाफ्यात सात गाई भरपेट, हे मी स्वतः पाहिलं. लिहून ठेवतो, कारण नोंद ही नोंद असते.

९ डिसेंबर

पाचवा वाफा. मी अहवाल लिहायला घेतला आहे. 'सदर जमीन द्विदल चाऱ्यास अयोग्य असल्याबाबत.' कारणमीमांसेसाठी दोन्हीकडची झाडं मुळासकट उपटून पाण्यात धुतली.

तिच्या मुळांना गाठी आहेत, टाचणीच्या डोक्याएवढ्या, भरपूर. एक नखाने फोडली, आत गुलाबी. माझ्या मुळांना काहीही नाही. पांढरी स्वच्छ मुळं. वीस झाडं पाहिली, वीसही तशीच.

सांडपाण्याचा परिणाम असावा.

११ डिसेंबर

सातवा. दोन्हीकडची माती पुन्हा तपासून आणली. आकडे सारखे आहेत. सांडपाणी तिकडे जात नाही, उतार उलट्या बाजूला आहे, मी आज काठी आणि दोरी घेऊन मोजला. हिरवं जिथे संपतं आणि पिवळं जिथे सुरू होतं तिथे बांध आहे. जमीन बांध बघून बदलत नाही. बांधावर फक्त एक गोष्ट बदलली होती, आणि ती माझ्या हातात होती.

अकरा ते चार. चाळणीखाली. मी ते हाताने चोळून काढलं.

कोणत्या गाढवाने मला एकतीस वर्षं माती तपासू दिली? माझ्याकडे येणारा प्रत्येक नमुना आधी उन्हात मारलेला असायचा, आणि मी छाती काढून सांगत होतो की मला त्यात जिवंत काही दिसलं नाही.

१२ डिसेंबर

आठवा. धाकटीने दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. मी म्हणालो तिने भाजीत मीठ जास्त घातलं आहे. जास्त नव्हतं.

१५ डिसेंबर

अकरावा. गुरांचा दलाल आला. धाकटीनेच बोलावला होता, शब्द दिलाय म्हणून तयारी. बोटात तीन अंगठ्या, गाईच्या कासेला हात लावायच्या आधी हात धुवायची अक्कल नाही. प्रत्येक गाईत त्याने खोट काढली. एक म्हातारी, एक मारकी, एकीचा पाय आत वळतो. कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या गाईपाशी तो म्हणाला, "ही फार फार तर आणखी दोन वेतं देईल." धाकटी गोठ्याच्या खांबाला टेकून उभी होती. त्या गाईला तिने बाटलीने दूध पाजून वाढवलं आहे, हे त्याला सांगावंसं तिला वाटलं नाही. मीच सांगितलं. तो म्हणाला, त्याने दूध वाढत नाही.

मी त्याला हात धुवायला लावले. माझ्याच्याने एवढंच झालं. सांगायचं होतं ते संध्याकाळी, मग रात्री जेवताना, मग उद्या. भित्रा माणूस मी आयुष्यभर दुसऱ्यांत शोधत आलो.

१७ डिसेंबर

सकाळी तेरावा वाफा. मी विळा घेऊन स्वतः गेलो. अख्खा वाफा कापून दोन कवळे निघाले, तेही वीतभर, पिवळे. धाकटीने ते सात ठिकाणी वाटले आणि वर कडबा टाकला. साडेनऊपर्यंत गोठ्यातून हंबरणं सुरू झालं. दहाला गोदामवाला आला, पाठोपाठ दलाल.

धाकटी हात पुसत आली, खुर्चीवर बसली. "कुठे करायची सही?" म्हणाली. गोदामवाल्याने पेन पुढे केलं. तिने ते घेतलंही.

"थांब," मी म्हणालो.

"आता काय राहिलं?" गोदामवाला म्हणाला. "गाई उपाशी आहेत, येताना ऐकलं मी."

"हा निकाल धरता येणार नाही. नमुना बिघडवलेला आहे."

"कोणी?"

"मी. माझ्या बाजूचं बी मी पाच तास उन्हात वाळवलं आणि चाळलं. त्यावर लावलेलं सगळं मारून टाकलं. जमिनीत दोष नाही. तिच्या हातचे बारा वाफे त्याच जमिनीत आहेत, जाऊन बघा. मी सही करणार नाही."

गोदामवाला धाकटीकडे बघून हसला. "ताई, भावाचं वय झालं तुमच्या."

"त्याचं वय मला माहीत आहे," धाकटी म्हणाली. तिने पेन बंद करून त्याच्या कागदांवर ठेवलं. "चहा घेऊन जाणार की तसेच?"

तो तसाच गेला. पण माझ्या कबुलीने गाईंचं पोट भरणार नव्हतं. बारा वाफ्यांत सात गाई निभत नाहीत, पाच निभतील, कडब्याच्या जोडीने. दोन द्याव्या लागल्या. पाय आत वळणारी, आणि कपाळावर ठिपका असलेली, कारण दलालाला दुभत्यांपैकी एक हवीच होती. दावी मी सोडली. ठिपकेवाली गाडीत चढेना. धाकटी पुढे झाली, तिच्या मानेवर हात ठेवला आणि तिला चढवून आली.

मला वाटलं होतं ती मला बोलेल. जेवताना तिने मला दोनदा वाढलं.

२० डिसेंबर

सकाळी धाकटी फावडं आणि पाट्या घेऊन निघाली. तिच्या वाफ्यांतली माती आता लागलेली आहे, म्हणजे ते जिवाणू तिच्यात रुजले आहेत; ती थोडी थोडी काढून माझ्या वाफ्यांत पसरायची आणि वर पाणी सोडायचं. उशीर झाला आहे, पण कधी कधी लागतं, असं बीवाला म्हणाला. परवा मीच त्याला विचारायला गेलो होतो. त्याने मला साहेब म्हटलं नाही, बसा म्हटलं.

ती भरत होती, मी वाहत होतो. मला पाटी डोक्यावर तोलता येत नाही, कमरेला लावून नेतो, निम्मी माती बुटात जाते. नवव्या की दहाव्या पाटीला मी म्हणालो, "मी तुला आधी सांगायला हवं होतं. मला अकरा तारखेलाच कळलं होतं."

"मला गच्ची झाडली तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

मी पाटी खाली ठेवली. "चौदा ऑक्टोबरला? आणि गप्प राहिलीस?"

"पाकिटं मिळाली नाहीत. मग म्हटलं, माझे बारा वाफे निभावून नेतील. नाही नेलं."

"अगं, सही करायला निघाली होतीस. सगळ्या गाई गेल्या असत्या. मला चार शब्द सुनवायचे होतेस."

ती फावडं मारत राहिली. माती मऊ झाली आहे तिच्या बाजूची, फावडं अर्धं आत जातं.

"आईला औषध चुकून दुप्पट दिलंस, एवढंच म्हणाले होते मी," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी पेटी बांधलीस. नऊ वर्षं आला नाहीस. ती गेली तेव्हाही नाही. गाई काय दादा, परत घेता येतात."

तिने पाटी भरून माझ्याकडे सरकवली. मी ती उचलली आणि तेराव्या वाफ्याकडे गेलो, कारण तिथे उभं राहून मला तिच्याकडे बघता येत नव्हतं.